कामीरीथू आणि मराठी समीक्षा

आकुर्डीत मुख्यालय असलेल्या बजाज ऑटोच्या मोटारसायकली नायजेरिया-युगांडापर्यंत पोचतात. आफ्रिकेतील साहित्यविचार मात्र मराठी विभागांपर्यंत फारसा पोचलेला नाही. दलित पँथरच्या (१९७२) नावामागे अमेरिकेतील ब्लॅक पँथर होते. कृष्णवर्णीयांच्या साहित्याशी मराठी समीक्षेचा संवादही मुख्यतः अमेरिकेपुरताच राहिला. केनियाचे न्गुगी वा थिओंगो (१९३८-२०२५) यांनी १९७७ मध्ये कामीरीथू गावात शेतकरी-कामगारांसह गिकुयू भाषेत नाटक उभे केले. शासनाने प्रयोग बंद पाडले आणि न्गुगींना वर्षभर विनाचौकशी स्थानबद्ध केले. त्याच वर्षीच्या त्यांच्या इंग्रजी कादंबरीवर अशी बंदी आली नव्हती. श्रमिकांच्या भाषेचे हे सामर्थ्य पिंपरी-चिंचवडसारख्या कामगारनगरीतील मराठीच्या अध्यापकाला अपरिचित राहावे, ही केवळ अभ्यासक्रमातील उणीव नव्हे. ते मराठीच्याच सामर्थ्याविषयीचे अज्ञान ठरते.