परवाना वर्गात द्या

'वीस वर्षं शिकवतोय, आणि आता आमची परीक्षा?' नाशिक जिल्ह्यात शाळांच्या केंद्राची शिक्षण परिषद पेठला असो की निफाडला, चहाच्या वेळी हा प्रश्न निघतोच. सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ रोजी निकाल दिला, की शिक्षणहक्क कायद्याआधी लागलेल्या, पहिली ते आठवीच्या शिक्षकांनाही शिक्षक पात्रता परीक्षा, म्हणजे टीईटी, उत्तीर्ण व्हावेच लागेल. निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक काळ उरलेल्यांना दोन वर्षांची मुदत मिळाली. त्याहून कमी उरलेल्यांची नोकरी शाबूत, पण टीईटीविना पदोन्नती नाही. त्यावर ५ डिसेंबरला राज्यभर शाळा बंद ठेवून शिक्षक रस्त्यावर उतरले. पालकांतल्या अनेकांचे म्हणणे मात्र एका वाक्यात संपते: मास्तर परीक्षेला भितात, म्हणजे कुठेतरी पाणी मुरतंय.

माझे भांडण शिक्षक संघटनांशीही आहे आणि सरकारशीही. परवाना हवाच, हे संघटनांना ऐकायचे नाही. आणि आज परवाना म्हणून जो कागद हाती पडतो त्यातून शिकवता येते की नाही हे कळतच नाही, हे सरकारला ऐकायचे नाही.

आधी संघटनांचे. अनुभव हीच पात्रता, असा त्यांचा मुख्य मुद्दा. सेवापुस्तक उघडून पाहा. त्यात नेमणूक, बदली, वेतनवाढ, रजा, सगळे तारखेनिशी असते. वर्गातली किती मुले वाचू लागली, याला त्यात रकाना नाही. जी गोष्ट कोणी पाहिलीच नाही ती वर्षांच्या बेरजेने सिद्ध होत नाही. 'डॉक्टरांची कुठे पुन्हा तपासणी होते?' हा टोलाही सभांतून हमखास टाळ्या घेतो. पण तो चुकीच्या माणसावर बसतो. महाराष्ट्रात डॉक्टरांना वैद्यक परिषदेकडची नोंदणी दर पाच वर्षांनी नव्याने करावी लागते आणि त्यासाठी प्रशिक्षणाचे ३० श्रेयांक दाखवावे लागतात. संघटनांनी हे उदाहरण द्यावेच, पण मग त्यातून निघणारी मागणीही करावी.

शिक्षक जन्मावा लागतो, घडवता येत नाही, हे तिसरे म्हणणे. यातली गंमत अशी, की ते बहुधा सावित्रीबाईंच्या तसबिरीखाली उभे राहून बोलले जाते. सावित्रीबाईंनी नगरला आणि पुण्याला अध्यापनाचे रीतसर प्रशिक्षण घेतले होते. जोतीरावांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन दिले, त्यात प्राथमिक शाळेचे शिक्षक प्रशिक्षित असावेत, शक्यतो शेतकरी वर्गातून यावेत आणि त्यांना पोटापुरता पगार मिळावा, असे तिन्ही मुद्दे एकत्र मांडले. गेली सव्वाशे-दीडशे वर्षे आपण त्या तिन्हींतला एकेक सोयीने उचलतो आणि उरलेले दोन विसरतो.

आता दुसरी बाजू. टीईटीचा पहिला पेपर दीडशे गुणांचा, अडीच तासांचा. बालविकास आणि अध्यापनशास्त्र, दोन भाषा, गणित, परिसर अभ्यास, प्रत्येकी तीस प्रश्न, सगळे चार पर्यायांचे. खुल्या गटाला साठ टक्के हवेत. राज्यात २०१३ साली ही परीक्षा सुरू झाल्यापासून उत्तीर्णांचे प्रमाण अनेकदा एक आकडी राहिले आहे. या आकड्याचा अर्थ 'मास्तर ढ आहेत' असा लावणे सोपे. पण त्याच आकड्यातून हेही दिसते, की दोन वर्षांची डी.एल.एड. करून पदविका घेतलेल्या उमेदवारालाही सरकारच्याच परीक्षेत सरकारच नापास ठरवते. मग आधीची पदविका कशाची होती? दोन दाखल्यांपैकी एक तरी खोटा आहे.

टीईटी निरुपयोगी आहे असे मी म्हणत नाही. पाचवीला अपूर्णांक शिकवणाऱ्याला अपूर्णांक यायलाच हवेत, आणि ते कागदावर तपासता येतात. परीक्षा उंबरठ्यावर असायला माझी हरकत नाही. पण उंबरठा ओलांडला म्हणजे घर सांभाळता येते असे कोणी समजू नये.

दुसरीच्या वर्गातली एक पाटी घ्या. मुलीने ५२ मधून १७ वजा करून ४५ लिहिले आहे. 'चूक' म्हणून फुली मारायला टीईटी लागत नाही. पण तिने काय केले ते पाहा. एककात दोन आणि सात दिसले, तिने मोठ्यातून लहान वजा केले, पाच आले. दशकात पाचातून एक गेला, चार उरले. तिने नियम पाळला आहे, फक्त तो तिचा स्वतःचा आहे. इथे 'हातचा घे गं' म्हणून ओरडल्याने काही होत नाही. दहा-दहा काड्यांचे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या समोर ठेवून सतरा मागायच्या आणि गप्प बसायचे. सुट्या दोनच आहेत हे तिला दिसते, ती गठ्ठ्याकडे पाहते, तुमच्याकडे पाहते, आणि रबर सोडवू का विचारते. टीईटीत असा प्रश्न आलाच, तर त्याखाली चार पर्याय छापलेले असतात. वर्गात ते शिक्षकाला स्वतः सुचावे लागतात, तेही शेजारी पहिलीची मुले पाटी आपटत असताना.

आणि पहिलीची मुले शेजारी असतातच. सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वरच्या पाड्यांवरच्या द्विशिक्षकी शाळेत एका शिक्षकाकडे दोन-दोन इयत्ता असतात. कित्येक मुलांची घरची बोली कोकणा, पुस्तकाची मराठी त्यांना नवी. डी.एल.एड.चे सराव पाठ मात्र बहुतेकदा एका इयत्तेच्या भरल्या वर्गात होतात. टाचणवही सुबक, तक्ते रंगीत, मार्गदर्शक शिक्षक मागच्या बाकावर, पाठ पस्तीस मिनिटांचा. पहिली नेमणूक जिथे होणार, तिथली परिस्थिती त्या वहीत कुठेच नसते.

कागदी परीक्षा निदान निःपक्ष तरी असते, असे म्हणणाऱ्यांनी २०१९-२० ची टीईटी आठवावी. पैसे घेऊन नापासांना पास केल्याचे प्रकरण पुणे सायबर पोलिसांनी डिसेंबर २०२१ मध्ये बाहेर काढले. राज्य परीक्षा परिषदेच्या तत्कालीन आयुक्तांना अटक झाली आणि साडेसात हजारांहून अधिक उमेदवारांवर कारवाई झाली.

पदवी मोठी म्हणजे शिक्षक चांगला, हा समज तर आता न्यायालयानेच मोडला. बी.एड. हा वरच्या वर्गांसाठीचा अभ्यासक्रम आहे, पहिली ते पाचवीसाठी तो पात्रता ठरत नाही, असा ११ ऑगस्ट २०२३ चा निकाल आहे. पुढे नवे शिक्षण धोरण चार वर्षांचा एकात्मिक बी.एड. आणते आहे. येऊ द्या. पण चौथे वर्षही टाचणवहीतच जाणार असेल, तर फक्त फी वाढेल.

मग करायचे काय? नवे काही उभारायची गरजच नाही, हेच मला सांगायचे आहे. महाराष्ट्रात नवा शिक्षक लागतो तो 'शिक्षणसेवक' म्हणून, तीन वर्षांसाठी. योजना २००० सालची. प्राथमिकला मानधन सुरुवातीला तीन हजार, पुढे सहा हजार, आणि २०२३ पासून सोळा हजार. ही तीन वर्षे कशासाठी असतात, हे कोणत्याही शिक्षणसेवकाला विचारा. तो सांगेल, पगार वाचवण्यासाठी. या काळात त्याच्या वर्गात बसून त्याला शिकवताना कोणी मन लावून पाहत नाही. तीन वर्षे भरली, गैरवर्तनाचा शेरा नाही, की तो कायम.

परवान्याची जागा इथे आहे. टीईटी आणि शिक्षकभरतीच्या पवित्र पोर्टलसाठीची अभियोग्यता चाचणी दारापर्यंत आणोत. पुढची तीन वर्षे नाशिकच्या जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेने त्या शिक्षकाला आपला विद्यार्थी मानावे. जवळच्या शाळेतला एक मुरलेला शिक्षक त्याला नेमून द्यावा आणि त्या शिक्षकाला या कामाचे पैसे व वेळ द्यावा. वर्षातून काही ठरावीक वेळा तिघांनी वर्ग पाहावा. केंद्रप्रमुख, संस्थेचा माणूस, आणि तिसरा दुसऱ्या तालुक्यातला शिक्षक. जूनमध्ये अडखळणारी मुले फेब्रुवारीत काय वाचतात, हे त्याच मुलांच्या वह्यांतून तपासावे. मानधन मात्र पूर्ण पगाराइतके असावे. शिकाऊ आहे म्हणून अर्धपोटी ठेवायचे, हा न्याय जोतीरावांनाही मान्य नव्हता.

'वशिलेबाजी होईल' ही शंका येणारच. होईल, थोडी होईल. पण वर्गात तीन जण येतात तेव्हा पंचवीस मुलेही साक्षीदार असतात, आणि गुणपत्रिकेसारखी ती संगणकावर बदलता येत नाहीत. 'माणसे कुठून आणणार?' हा प्रश्न मात्र खरा आहे. केंद्रप्रमुखांच्या आणि प्रशिक्षण संस्थांतल्या रिकाम्या जागा आधी भरल्याशिवाय यातले काहीच होणार नाही, आणि त्या भरायला न्यायालयाचा निकाल लागत नाही.

राहिले ते जुने शिक्षक. निकाल आहे, तो पाळावा लागेल. मुदतीच्या याच दोन वर्षांत जनगणना आहे आणि नाशकात सिंहस्थही आहे, तेव्हा अभ्यासाला वेळ कोणत्या कामातून काढायचा हे जिल्हा परिषदेने लेखी सांगावे. संघटना संसदेकडे कायदा बदलून मागत असतील, तर त्यांनी 'माफी द्या' हा शब्द आधी निवेदनातून काढावा. माफी मागितली की गुन्हा कबूल केल्यासारखे होते. वीस वर्षे ज्यांनी पाड्यावर मुले वाचती केली, त्यांनी म्हणावे: आमच्या वर्गात या, आठवडाभर बसा, आणि मग ठरवा. अशा मोर्चात मी संघटनेचा नसतानाही चालेन.