कंपायलर बघितलाय का कुणी?

थर्ड इयरच्या ओरलला एक प्रश्न हमखास असतो, 'कंपायलरच्या फेजेस सांगा.' शाळेत सकाळच्या असेंब्लीला प्रेयर म्हणायचो, तशा आपण सहाच्या सहा एका दमात म्हणून टाकतो. मग सर हळूच विचारतात, 'फेज आणि पास यात फरक काय?' इथे निम्मी बॅच खिडकीबाहेर बघायला लागते. माझं स्पष्ट मत आहे की नोट्स वाचून हा फरक कळत नाही. त्यासाठी एकदा तरी जुन्या मिनीकॉम्प्युटरवर जुना कंपायलर चढवून बघायला हवा.

मिनीकॉम्प्युटर आणायचा कुठून? आणायची गरजच नाही. बॉब सुपनिक यांचा 'सिमएच' नावाचा फुकट एम्युलेटर आहे. डीईसी कंपनीने १९७० साली आणलेलं पीडीपी-११ हे मशीन तो आपल्या लॅपटॉपमध्ये उभं करतो. त्यावर चढवायचं बेल लॅब्सचं १९७९ चं युनिक्स, सातवी आवृत्ती. सी कंपायलर त्याच टेपवर आहे, सोर्स कोडसकट. कॅल्डेरा कंपनीने २००२ मध्ये ही जुनी युनिक्स खुली केली, त्यामुळे पायरसीचा प्रश्न येत नाही. (हॉस्टेलमध्ये बसून हे वाक्य लिहिताना हसू येतंय, पण असो.)

इथे 'नेक्स्ट, नेक्स्ट, फिनिश' असला प्रकार नाही. टेपची इमेज जोडायची, टेपवरून बूट करायचं, टेपवरच्याच एका छोट्या प्रोग्रॅमने डिस्कवर फाइल सिस्टिम आखायची आणि दुसऱ्याने सगळा माल डिस्कवर उतरवायचा. हा दुसरा आधी बजावतो, की डिस्कवर खरडण्यापूर्वीची ही शेवटची संधी. मग तुमच्या एंटरची वाट बघत गप्प बसतो. मला हा प्रोग्रॅम जाम आवडला. 'आर यू शुअर' पेक्षा कितीतरी प्रामाणिक!

सिस्टिम वर आली की कीबोर्डची गंमत सुरू. मागचं अक्षर खोडायला # आणि अख्खी ओळ रद्द करायला @, कारण त्या काळी बरेचसे टर्मिनल कागदावर छापायचे. छापलेलं पुसणार कसं? त्यामुळे आपल्या प्रोग्रॅमची पहिलीच ओळ, ती #इन्क्लूडवाली, सरळ टाइप होत नाही. # च्या आधी उलटा स्लॅश द्यावा लागतो. सेटिंग बदलता येतं, पण पहिल्या दिवशी बदलू नका.

आता खरा माल. हा सी कंपायलर डेनिस रिची यांचा. आपण 'सीसी' अशी कमांड देतो, पण सीसी हा नुसता मुकादम. स्वतः काही कंपाइल करत नाही, एकेका कामगाराला हाक मारतो. आधी प्रीप्रोसेसर, मग सी-झीरो, मग सी-वन, सांगितलंत तर सी-टू, त्यानंतर असेंबलर आणि शेवटी लोडर. प्रत्येक जण डिस्कवरचा वेगळा प्रोग्रॅम. सी-झीरो तुमचा कोड वाचतो, व्याकरण तपासतो, दोन तात्पुरत्या फाइली लिहितो आणि मेमरीतून चालता होतो. सी-वन त्या फाइली उचलून असेंब्ली तयार करतो. सी-टू त्या असेंब्लीतला फापटपसारा कमी करतो. म्हणजे लेक्सिकल, सिंटॅक्स आणि सिमँटिक अशा तीन फेजेस सी-झीरो या एकाच पासमध्ये बसल्या. झालं ओरलचं उत्तर.

एवढे तुकडे कशाला? तर मशीनचा पत्ता १६ बिटांचा, म्हणजे ६४ केबी. मोठ्या मॉडेल्समध्ये सूचना आणि डेटा वेगळे ठेवायची सोय होती, तरी ६४ अधिक ६४ च. एवढ्या जागेत अख्खा कंपायलर एका वेळी मावणार कसा? अगदी असेंबलरसुद्धा दोन प्रोग्रॅम्समध्ये तोडलेला आहे. आपल्या जर्नलमधला 'टू पास असेंबलर' तो हाच! तो सीनियरच्या फाइलमधून ज्युनियरच्या फाइलमध्ये पिढ्यानपिढ्या उतरतोय, पण दुसरा पास मुळात का हवा, हे कुणी विचारत नाही.

यावर माझा रूम पार्टनर म्हणतो, 'आधीच आपण डॉसबॉक्समध्ये टर्बो सी वापरतोय, जग कुठे गेलं, आणि तू आणखी मागे नेतोस?' मुद्दा बरोबर आहे. टर्बो सी काढून टाका, मी पहिली सही करतो. पण टर्बो सी जुना असून काही दाखवत नाही. निळा स्क्रीन, एक की दाबली, आउटपुट आलं, सबमिशन झालं. पीडीपी-११ वरचा कंपायलर प्रत्येक पायरीला मागे फाइल ठेवतो, उघडून बघता येते. आता तर कोडसुद्धा चॅटजीपीटी लिहून देतं. तो कोड बरोबर आहे की नाही हे ठरवायचं काम आपल्याकडे उरलंय. खाली काय चाललंय हे ज्याने कधी बघितलंच नाही, तो ठरवणार कशाच्या जोरावर?

म्हणून डिपार्टमेंटला विनंती. सिस्टिम्स प्रोग्रॅमिंगच्या लॅबमधलं एक प्रॅक्टिकल यासाठी द्या. नवीन मशीन्स लागणार नाहीत, आहेत त्या पुरतील. दोन तासांच्या एका स्लॉटमध्ये टेपपासून डिस्कपर्यंत आणि पुढच्या स्लॉटमध्ये सी-झीरोपासून लोडरपर्यंत जाता येईल. फक्त ओरलला प्रश्न बदलावा लागेल, 'फेजेस सांगा' ऐवजी 'सी-झीरोने काय लिहिलं ते उघडून दाखवा.'