सल्ला दिला, तारीख दिली का?

उपाशीपोटी साखर ११२, एचबीए१सी ५.९. रिपोर्ट टेबलावर येतो आणि आपण सांगतो, "काठावर आहे, काका. गोड बंद करा, रोज चाला, वजन थोडं उतरवा." काका मान डोलावतात, पुढचा पेशंट आत येतो. वर्ष-दीड वर्षाने तेच काका १४० घेऊन आले की 'यांनी ऐकलंच नाही' असा शेरा मनातल्या मनात मारून आपण मोकळे होतो. हा शेरा अन्यायाचा आहे.

२००२ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील मधुमेह प्रतिबंध चाचणीतला, जीवनशैलीतील बदलाने धोका ५८ टक्क्यांनी घटल्याचा आकडा आपल्या प्रत्येक परिषदेत पडद्यावर झळकतो. सात टक्के वजनघट, आठवड्याला १५० मिनिटे व्यायाम, हेही पाठ आहे. मात्र त्या लोकांना पहिल्या सहा महिन्यांतच समुपदेशकाबरोबर सोळा बैठका मिळाल्या होत्या, हे फारसे कुणी सांगत नाही. तिथे कामाला आला तो पाठपुरावा. आपण त्यातला सल्ला तेवढा उचलला.

चेन्नईत डॉ. ए. रामचंद्रन यांच्या गटाने २००६ साली मांडलेले निष्कर्ष आपल्या अधिक जवळचे. जीवनशैलीतील बदलाने धोका २८.५ टक्क्यांनी घटला, मेटफॉर्मिनने २६.४ टक्क्यांनी, दोन्ही एकत्र देऊनही जास्त काही पदरात पडले नाही. विशेष म्हणजे जीवनशैलीच्या गटात वजन फारसे उतरलेच नव्हते. तेव्हा काटा हलला नाही म्हणून पेशंटला नाउमेद करू नये. पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी दाखवलेला सडपातळ पण चरबीदार भारतीय आपल्या ओपीडीत रोज येतो. त्याच्यासाठी टेप काढा: पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या आत, बाईची ८० च्या आत. ज्याचे वजन खरोखर जास्त आहे त्याला मात्र आकडा द्यावा. ७२ किलोच्या माणसाला 'पाच किलो' हे कळते, 'थोडं' कळत नाही.

आहाराचेही तेच. चहातली साखर सोडलेला माणूस त्याच चहाबरोबर दोन खारी खातो आणि चतुर्थीला साबुदाण्याची खिचडी दोनदा घेतो. त्याच्या लेखी पथ्य चोख चालू असते. सकाळी पोहे, दुपारी चार पोळ्या, बटाट्याची भाजी, वर भात, रात्री साडेदहाला पुन्हा तेच. प्रश्न ताटाचा आहे, गोडाचा त्यात थोडाच वाटा. 'पोळ्या चाराऐवजी दोन, भात एक वाटी, उसळ किंवा घट्ट वरण दोन वाट्या, जेवण आठच्या आत' असे कागदावर औषधासारखे लिहून द्यावे, आणि स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीला समोर बसवून. चालण्याच्या जोडीला बैठका किंवा सूर्यनमस्कारही लिहावेत. साखर वापरणारा मोठा अवयव स्नायूच आहे. (जाता जाता: रक्तक्षय असलेल्या बाईचा एचबीए१सी एकटा वाचू नये. लोह कमी असेल तर तो उगाच वर दिसतो.)

वेळ कुठे आहे, हा आक्षेप रास्त आहे. २०२३ च्या आयसीएमआर-इंडिअ‍ॅब पाहणीनुसार देशात पूर्वमधुमेहाचे १३.६ कोटी लोक आहेत. सर्वांना सोळा बैठका द्यायला आपण पुरणार नाही. पण याच रामचंद्रन गटाने ५३७ नोकरदार पुरुषांवर साध्या मोबाइल संदेशांचा प्रयोग केला. दोन वर्षांत संदेश मिळणाऱ्यांपैकी १८ टक्क्यांना मधुमेह झाला, इतरांपैकी २७ टक्क्यांना. हे काम दवाखान्यातली सिस्टर किंवा कंपाउंडरही करू शकतात.

एवढे तरी या महिन्यापासून करावे: काठावरच्या प्रत्येक पेशंटचे वजन आणि कंबर केसपेपरवर लिहावी, तीन महिन्यांनंतरची तारीख द्यावी आणि ती चुकली तर फोन करावा. ज्यांच्याकडे अशी पद्धत आधीच चालू आहे त्यांनी ती आम्हाला लिहून कळवावी, जमलेले आणि फसलेले दोन्ही. पुढच्या अंकात त्यासाठी पाने राखून ठेवली आहेत.