पोरगा चिकटला, पुढे काय?

आपल्या वस्तीत पोराला नोकरी लागली की पेढे वाटले जातात आणि जो तो एकच शब्द बोलतो, "चिकटला एकदाचा!" या शब्दामागे आई-बापाचा केवढा सुस्कारा असतो ते आम्ही जाणतो. नाक्यावर उभे राहून ज्यांनी दिवस काढले, ठेकेदाराच्या तोंडाकडे बघत ज्यांची उमर गेली, त्यांना दर महिन्याला न चुकता येणारा पगार म्हणजे काय असतो ते दुसऱ्याला सांगून कळायचे नाही. पण चिकटलेल्या पोराच्या मनात काय चालले आहे, हे मात्र पेढा खाणारा कोणी विचारीत नाही.

अलीकडे आमच्याकडे असे तरुण बरेच येतात. एकाचेच सांगतो. बी.कॉम. पहिल्या वर्गात पास. वडील नगरपालिकेच्या सफाई खात्यात होते. ते निवृत्त झाले आणि पोरगा वारसा हक्काने त्यांच्या जागी लागला. लाड-पागे समितीच्या शिफारशींवरून सफाई कामगारांच्या वारसांना ही सवलत मिळते. २०२३ साली शासनाने त्याबद्दलचा सुधारित निर्णयही काढला. पहाटे हजेरी, हातात झाडू, दुपारी सुटी. जमाखर्च, आयकर, कंपनी कायदा, शिकलेले काहीच लागत नाही. मुकादमाला हजेरीपत्रकाची बेरीज जमत नाही म्हणून ती हाच करून देतो, सही मुकादमाची. परवा म्हणाला, "काका, ताळेबंद कसा मांडतात ते आता आठवावं लागतं." राजीनामा टाकून पुण्याला जावे, स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करावा, असे त्याच्या मनाने घेतले आहे. बाप म्हणतो, "सरकारी भाकर आहे, तिला लाथ मारू नको."

झाडू मारणे हलके काम आहे, असे आम्ही म्हणणार नाही. त्याच झाडूच्या पगारावर आपल्या वस्तीत वह्या-पुस्तके आली. पण बापाचा झाडू पोराच्या हाती आणि उद्या पोराचा नातवाच्या हाती, ही सोय कितीही गोड वाटली तरी जातीनेही हेच केले होते. शासनाचा शिक्का तेवढा तेव्हा नव्हता. तेव्हा पोराच्या जिवाची जी घालमेल होते आहे, तिला "शिकून शेफारला" म्हणून उडवून लावणाऱ्या वडीलधाऱ्यांशी आमचे जमत नाही. आणि रागाच्या भरात राजीनामा लिहिणाऱ्याशीही जमत नाही.

नोकरी कशी सोडावी, हे आपल्याला दुसरीकडे शोधायला नको. बाबासाहेबांनी दोन नोकऱ्या सोडल्या आणि दोन्हींची तऱ्हा वेगळी. १९१७ साली कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेला हा माणूस बडोद्याच्या नोकरीत रुजू झाला, तर कचेरीतले शिपाई लांबून कागद फेकत आणि राहायला जागा मिळेना. तिथे थोड्याच दिवसांत त्यांना निघावे लागले. तो अपमान होता. तिथे हिशेब करीत बसायला सवडच नव्हती. पुढे मुंबईत शिकवण्या केल्या, शेअर्सविषयी सल्ला देण्याचे काम काढून पाहिले, जात कळताच तेही बसले. मग नोव्हेंबर १९१८ मध्ये सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापकाची जागा मिळाली, पगार महिना साडेचारशे रुपये. त्या काळी ही रक्कम लहान नव्हती. कोणीही म्हणाले असते, चिकटला! पण लंडनचा अभ्यास अर्धा राहिला होता. त्यांनी पगारातून शिल्लक टाकली, परळच्या चाळीतल्या दोन खोल्यांत संसार ठेवला, शाहू महाराजांनी मदत केली, नवल भथेना या मित्राकडून पाच हजार रुपये कर्जाऊ घेतले आणि मार्च १९२० मध्ये राजीनामा दिला. नोकरीची त्यांनी शिष्यवृत्ती करून घेतली, असे आम्हाला वाटते. त्या शिल्लकीत रमाईच्या पोटाला बसलेला चिमटाही होता, हे सांगायचे आपण बहुधा विसरतो. नोकरी सोडतो एक, सोसावे लागते घराला.

आता आपल्या पोराचे. वारसा हक्काची नोकरी एका कामगारामागे एकाच वारसाला. सोडली की गेली. पुन्हा धाकट्या भावाला मिळेल या भ्रमात राहू नये. शिवाय बहीण अजून कॉलेजात आहे. म्हणून आमचे त्याला सांगणे असे की, नोकरीत राहूनच दार शोध. दुपारी सुटी होते, ही या नोकरीतली मोठी दौलत आहे. खात्यातच कारकुनाच्या जागा पदोन्नतीने भरतात का, त्यासाठी काय पात्रता लागते, ते आस्थापना विभागात जाऊन सेवा नियमांत पाहा. चहाच्या टपरीवरच्या माहितीवर विसंबू नको. लिपिक-टंकलेखकाला मराठी टंकलेखन मिनिटाला ३० शब्द किंवा इंग्रजी ४० शब्द मागतात. ते प्रमाणपत्र हातात असलेले बरे. तू वाणिज्याचा पदवीधर, तर सहकार खात्याची जी.डी.सी. अँड ए. परीक्षा दे. शिकलेला जमाखर्च तिथे पुन्हा कामाला येईल. राज्य शासनाच्या बहुतेक पदांना मागासवर्गीयांसाठी वयाची मर्यादा ४३ वर्षांपर्यंत आहे, म्हणजे पंचविशीत घाबरण्यासारखे काही नाही. पुण्याची बार्टी अनुसूचित जातीच्या मुलांसाठी प्रशिक्षणाच्या योजना चालवते, तिच्या जाहिरातींवर लक्ष ठेव. दुसऱ्या जागेचा अर्ज कार्यालयामार्फत कर आणि ना हरकत प्रमाणपत्र मागून घे. ते न घेता चोरून परीक्षा देणारे ऐन नेमणुकीच्या वेळी अडकलेले आम्ही पाहिले आहेत. ना हरकत अर्जाच्या प्रतीवर आवक क्रमांक घ्यायला विसरू नको, साहेब कितीही गोड बोलोत.

नोकरी करून शिकणे आपल्याला नवे नाही. १९४६ साली बाबासाहेबांनी मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय काढले, तिथे सकाळचे वर्ग ठेवले ते नोकरदारांसाठीच. आज नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून घरबसल्या पुढची पदवी घेता येते.

आणि पैशाचे. सिगालोवाद सुत्तात तथागतांनी गृहस्थाला मिळकतीचे चार भाग करायला सांगितले आहेत: एक खाण्यापिण्याला, दोन कामधंद्यात, चौथा अडचणीसाठी राखून. आपल्याकडे पहिल्या पगाराचे चारही भाग मोबाईल, मोटारसायकल आणि लग्नाच्या हप्त्यांत जातात. ज्याला उद्या नोकरी बदलायची आहे त्याने हप्त्याची गाडी घेऊ नये. वर्षभराचे घरखर्चाचे पैसे गाठीला नसताना कायम नोकरी सोडून कंत्राटी जागेवर जाणे, मग तिथला पगार दुप्पट का असेना, आम्हाला पटत नाही. कंत्राट अकरा महिन्यांनी संपते, घरभाडे संपत नाही.

बापालाही दोन शब्द. दादा, पोरगा दुपारी घरी येतो तेव्हा त्याला रेशनच्या रांगेत आणि वीजबिलाला पिटाळू नका. रात्री आठ ते दहा टीव्ही बंद ठेवा. तो परीक्षेत एकदा नापास झाला तर "सांगितलं होतं ना" म्हणू नका.

हे सगळे पोरांचे झाले. पोरींचे याहून अवघड. आमच्या ओळखीची एक मुलगी बी.एस्सी. रसायनशास्त्र होऊन कापडाच्या दुकानात काउंटरवर घड्या घालते. प्रयोगशाळेतल्या कामासाठी लागणारा एक वर्षाचा अभ्यासक्रम तिला करायचा आहे. घरात म्हणतात, "लग्नानंतर बघू." लग्नानंतर कोण बघते, हे आमच्या महिला मंडळाच्या भगिनींना विचारावे. तिला पाहायला पाहुणे येतील तेव्हा मानपानाच्या आधी तिच्या अभ्यासक्रमाची गोष्ट काढा. फी कोण भरणार, वर्षभर सासरी राहून ती क्लासला कशी जाणार, हे सुपारी फोडण्याआधी चार माणसांत बोलून घ्या. पाहुणे कुरकुरले तर चहा देऊन वाटेला लावा.