पॅडला उंदीर कुठे ओळखता येतो?

करी रोडच्या कुठल्याही जुन्या चाळीत रात्री बारानंतर गॅलरीत उंदरांचंच राज्य असतं. मग कोणी जिन्याखाली ग्लू पॅड टाकतं, कोणी औषधाच्या वड्या. सकाळी पॅडवर मांजरीचं पिल्लू सापडतं आणि मजल्यावर भांडण: ‘तुम्हाला मांजर प्यारी की माणसं?’

प्रश्न फालतू नाही. ज्या घरात तान्हं बाळ जमिनीवर झोपतं, त्या घराला भूतदया शिकवू नका. पावसाळ्यात लेप्टोची भीतीही खरीच. उंदीर धरायलाच हवेत. पण पॅडवर पाल, चिमणी, पिल्लू, जे पाय ठेवेल ते चिकटतं आणि तासन्‌तास तडफडतं. म्हणूनच भारतीय प्राणी कल्याण मंडळाने २०२० मध्येही राज्यांना या पॅडविरुद्ध कळवलं होतं. दुकानात तरी ते दिसतातच.

वड्यांचं आणखी वाईट. बऱ्याच वड्यांनी रक्त गोठणं थांबतं. उंदीर काही दिवस अर्धमेला फिरतो आणि आयता मांजरीच्या तोंडी जातो.

त्यापेक्षा आजीच्या काळातला तारेचा पिंजरा लावा, आत भजी अडकवा. (पकडलेला उंदीर शेजारच्या बिल्डिंगमध्ये सोडणाऱ्यांवर वेगळा लेख लिहावा लागेल.) बिळं दिसली तर वॉर्ड ऑफिसच्या कीटकनाशक खात्याला कळवा. पिल्लू चिकटलंच तर ओढू नका. खायचं तेल चोळून सोडवा आणि परळच्या बैलघोडा हॉस्पिटलात न्या.

आणि हो, रात्री दाराबाहेर ठेवलेली ओल्या कचऱ्याची बादली आधी आत घ्या. आमचीही बाहेरच असते.