चेहरा तिचा, आवाज दुसरीचा

संगीत नाटकाचा पडदा पडला की त्या रात्रीचे गाणे हवेत विरून जाते. आपल्याकडे बालगंधर्वांना ज्यांनी रंगमंचावर पाहिले नाही, त्यांनी त्यांची पदे तबकडीवर ऐकली. अमेरिकेत याच्या पुढची एक रीत रुजली. नाटक गाजू लागले की मूळ नटसंचालाच स्टुडिओत बोलवायचे आणि नाटकातील गाणी एकत्र मुद्रित करायची. अशाच एका तबकडीविषयी आज सांगायचे आहे.

'साउथ पॅसिफिक' हे नाटक ७ एप्रिल १९४९ रोजी न्यूयॉर्कमध्ये रंगमंचावर आले. संगीत रिचर्ड रॉजर्स यांचे, गीते ऑस्कर हॅमरस्टाइन यांची. त्याच महिन्यात कोलंबिया कंपनीने गाणी मुद्रित केली. ही तबकडी अमेरिकेत खपाच्या यादीवर ६९ आठवडे पहिल्या क्रमांकावर होती.

गाणी गोड आहेत म्हणून खपली, हे खरेच. पण त्या गोड गाण्यांच्या मध्येच एक कडू गाणे बसले आहे. कथा दुसऱ्या महायुद्धातील, प्रशांत महासागरातल्या बेटांवरची. केबल नावाचा गोरा लेफ्टनंट लिआट या टोंकिनी मुलीवर प्रेम करतो, पण लग्नाचा विषय निघाला की मागे सरतो. मग स्वतःवरच चिडून तो गातो, की द्वेष कोणी जन्मतः आणत नाही, घरचीच माणसे तो लहानपणी शिकवतात. जातीबाहेरच्या सोयरिकीवरून घराघरांत काय घडते, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना हे गाणे वेगळे समजावून सांगायला नको.

त्या काळी अमेरिकेतील निम्म्याहून अधिक राज्यांत असे मिश्रविवाह बेकायदा होते. ते कायदे सर्वोच्च न्यायालयाने १९६७ साली मोडीत काढले. 'हे गाणे वगळा' असा सल्ला लेखकांना मिळाला होता, तो त्यांनी मानला नाही. १९५३ मध्ये जॉर्जियात प्रयोग झाला, तेव्हा तिथल्या काही आमदारांनी या गाण्यावर जाहीर आक्षेप घेतला. तबकडी मात्र तोवर कितीतरी घरांत जाऊन बसली होती.

नाटकात एक उणीव आहे, तीही सांगितली पाहिजे. लिआटला स्वतःचे एकही गाणे नाही. तिच्यासाठी तिची आई गाते, मुलगी हातवारे करते. आणि केबल तिच्याशी लग्न करण्याआधीच युद्धात मरतो. लेखकांनी इतके धैर्य दाखवले, पण हे लग्न काही लावले नाही!

या आईची भूमिका जुआनिटा हॉल या कृष्णवर्णीय गायिकेने केली. १९५० साली त्यांना टोनी पुरस्कार मिळाला. तो मिळवणाऱ्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय कलावंत. १९५८ मध्ये चित्रपट निघाला, त्यातही याच भूमिकेत त्या होत्या. पण गाण्यांना आवाज म्युरिअल स्मिथ यांचा दिला गेला. (स्मिथ याही कृष्णवर्णीयच, लंडनच्या प्रयोगात ही भूमिका केलेल्या. तेव्हा इथे प्रश्न रंगाचा नव्हता.) केबलची आणि नायकाचीही गाणी पडद्यामागून दुसऱ्यांनीच गायिली.

म्हणून जाणकार आजही १९४९ च्या तबकडीकडे वळतात. अमेरिकेच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने जतन करण्याच्या ध्वनिमुद्रणांत तिचा समावेश केल्याचे २०१३ साली जाहीर झाले. चित्रपटात हॉलबाईंचे नुसते ओठ हलतात. तबकडीवर त्या स्वतः गातात.