फक्की पडण्यापूर्वी

घोडनदीकाठचे शिरूर असो वा भीमेकाठचे दौंड, गावोगाव धाब्याची घरे जाऊन स्लॅबची घरे उभी राहिली. जुन्या घराला कागदी नकाशा नव्हता. पण ओसरीवर आल्यागेल्याला जागा होती, माजघरात बाळंतिणीला ऊब होती, परसदारी बायकांना मोकळीक होती. नव्या नकाशात हॉल ऐसपैस असतो, आणि म्हाताऱ्यांची खोली पुष्कळदा जिन्याच्या वर!

हा पर्जन्यछायेचा कोरडा मुलूख. दुपारच्या उन्हाने तापलेली पश्चिमेची भिंत रात्री उशिरापर्यंत धग सोडते. त्या बाजूला जिना, न्हाणीघर, कोठीची खोली घेतली, तर निजायच्या खोल्या गार राहतात.

म्हणून पायाची फक्की पडण्यापूर्वी नकाशा घरातल्या सर्वांपुढे मांडावा. जिचा दिवस स्वयंपाकघरात जातो, तिला ओटा आणि खिडकी कुठे हवी, ते विचारावे. आजीच्या खाटेपासून संडासापर्यंतची पावले मोजावीत. कागदावरची रेघ रबराने खोडता येते. उभी भिंत पाडायला पुन्हा कर्ज काढावे लागते. नकाशावर सही कर्त्या पुरुषाची असली, तरी त्या घरात दिवस काढायचे आहेत ते सर्वांना.